वाकड्या मुळाची दाढ

“एवढीशी दाढ, तिच्यासाठी तीन खेपा कशाला?” असे रुग्ण नेहमी विचारतात. खेड्यावरून एस.टी.ने येणाऱ्याला हा प्रश्न पडणारच. त्याचे उत्तर हिरडीखाली, हाडात रुतलेल्या मुळांत आहे.

पुढच्या दातांना बहुधा एकच मूळ असते आणि ते बरेचसे सरळ असते. दाढांचे तसे नसते. खालच्या दाढेला सहसा दोन मुळे, वरच्या दाढेला तीन. वरच्या पहिल्या दाढेत तर पुष्कळदा चार नळ्या सापडतात. या नळ्या टोकाकडे वळलेल्या असतात. काही इतक्या, की जणू घाटातला रस्ता! कीड खोल गेली की नळीतली नस सडते. रूट कॅनाल म्हणजे ती घाण काढणे, नळी धुऊन थोडी रुंद करणे व शेवटी गटापर्चा भरून ती बंद करणे.

हे काम ‘फाईल’ नावाच्या बारीक सुईने होते. दहा नंबरच्या फाईलचे टोक अवघे ०.१० मि.मी. जाडीचे असते. बारीक फाईल वाकते. पण नंबर वाढेल तशी पोलादी फाईल ताठ होत जाते. वळणावर ती रेटली तर नळी सोडून बाहेरच्या भिंतीत खाच पाडते. मग पुढची प्रत्येक फाईल त्याच खाचेत अडकते आणि पलीकडची घाण तशीच राहते. आणखी जोर केला तर मुळाला भोक पडते, नाहीतर फाईल आत मोडते.

म्हणून डॉक्टर आधी एक्स-रे काढतात. त्यातही एक गोम आहे. गालाकडे किंवा टाळूकडे गेलेले वळण समोरून काढलेल्या एक्स-रेत दिसत नाही; त्यासाठी कोन बदलून दुसरा काढावा लागतो. नंतर नळीचे तोंड रुंद करून फाईलचे टोक किंचित वाकवतात व लहान नंबरापासून, एकही नंबर न गाळता, पुढे जातात. मधूनमधून सोडियम हायपोक्लोराइटने नळी धुतात. निकेल-टिटॅनियमच्या फाईलींचा पहिला अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. या लवचिक फाईलींनी वळणाचे काम पुष्कळ सुकर केले. मात्र वळणात फिरून फिरून त्या पूर्वसूचना न देता मोडू शकतात, म्हणून मोजक्या वेळाच वापरायच्या असतात.

काही दाढा एकाच बैठकीत होतात. पू असेल किंवा वळण अवघड असेल, तर घाई रुग्णाने करू नये आणि डॉक्टरांनीही करू नये. खरा घोटाळा वेगळाच आहे. पहिल्या खेपेला ठणका थांबतो आणि रुग्ण फिरकतच नाही. तात्पुरते सिमेंट झिजते, लाळेतले जंतू आत शिरतात आणि वाचू शकणारी दाढ काढावी लागते. चेहऱ्यावर सूज येऊन ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

फाईल मोडली तर दाढ गेलीच असे नाही. नळी तोवर कितपत साफ झाली होती, यावर बरेच अवलंबून असते. ही गोष्ट डॉक्टरांनी रुग्णाला सांगितली पाहिजे आणि रुग्णानेही विचारायला संकोचू नये. एक्स-रे घरी जपून ठेवावेत. पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले, तर कुठले मूळ कुठे वळले आहे हे त्यांना आधीच कळते.