आधी काम, मागून उत्साह
(सायंकाळच्या वर्गाकरिता पाठ)

आळस हा दुर्गुण आहे हे कोणास शिकवावे लागत नाही. 'आळशाला गंगा दूर' ही म्हण आपल्या घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असते, आणि नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात आळशास मुंगीकडे धाडले आहे हे मंडळीतील मुलांसही ठाऊक आहे. परंतु दुर्गुण ओळखणे निराळे व तो सोडणे निराळे. 'तू आळशी आहेस' असे दहा वेळा ऐकून एखादा मनुष्य उठला व कामास लागला, असे आमच्या तरी पाहण्यात नाही. ह्यास्तव प्रस्तुत पाठात निंदा बाजूस ठेवून आळसाचे मूळ व त्यावरील उपाय ह्यांचाच आपण विचार करू.

१. आळस कोणता व आजार कोणता

प्रथम एक गोष्ट नीट तपासली पाहिजे. जो निजून राहतो तो प्रत्येक जण आळशी असतोच असे नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागातील गरीब शेतकरी फार आळशी, अशी पुष्कळ वर्षे त्यांची कुप्रसिद्धी होती. पुढे १९०२ साली चार्ल्स स्टाइल्स नामक शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, त्या लोकांपैकी पुष्कळांच्या आतड्यांत अंकुशकृमी नावाचे बारीक जंत आहेत. हे जंत मळाने दूषित झालेल्या मातीतून अनवाणी पायांच्या कातडीवाटे शरीरात शिरतात व आतड्यास चिकटून रक्त पितात. रक्त कमी झाले म्हणजे अंगातील शक्तीही जाते. वर्तमानपत्रांनी ह्या कृमीस 'आळसाचा जंतू' असे नाव दिले. १९०९ साली रॉकफेलर ह्यांच्या देणगीतून त्या प्रांतांत औषधोपचार व शौचकूपांची मोहीम सुरू झाली.

हे दूर देशाचे झाले. आता आपल्या घराकडे पाहू. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. तेव्हा सून दुपारी भिंतीस टेकून बसली म्हणजे तिला आळशी म्हणण्यापूर्वी सासूबाईंनी तिच्या नखांचा व डोळ्यांच्या आतील पापणीचा रंग पाहावा, आणि तो फिकट असेल तर तिला आरोग्य केंद्रात न्यावे. आजाऱ्यास बोल लावणे हा अन्याय होय, व त्याने आजार बरा होत नाही तो नाहीच.

२. आळशी मनुष्य कशाची वाट पाहतो

शरीर धड असून काम होत नाही, तेथे खरा आळस. ह्या आळशास काम ठाऊक नसते असे नाही, आणि पुष्कळदा ते अवघडही नसते. एक उदाहरण घ्या. घरचे सोयाबीनचे बियाणे पेरण्यापूर्वी त्याची उगवण तपासावी, हे आता गावोगाव सांगितले जाते. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीने मांडावे, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, गोणपाट ओलसर राखावे, आणि सहासात दिवसांनी कोंब आलेले दाणे मोजावे. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर बियाणे चांगले. कमी उगवले तर पेरताना त्या मानाने अधिक घ्यावे, व फारच कमी उगवले तर ते पेरूच नये. ह्यात पैसा लागत नाही. श्रम म्हणावे तर अर्ध्या घटकेचे.

तरीही मे महिनाभर 'उद्या पाहू' असे म्हणत किती जण मृगाचा पाऊस अंगावर घेतात! मग तेच बियाणे शेतात पडते, निम्मे उगवत नाही, आणि दुबार पेरणीसाठी सावकाराच्या दारी उभे राहावे लागते. अर्ध्या घटकेच्या आळसाचे व्याज वर्षभर भरावे लागते ते असे.

हा मनुष्य वाट कशाची पाहत होता? 'आज मन लागत नाही. मन लागले म्हणजे करीन,' असे तो म्हणत होता. त्याची समजूत अशी की आधी उत्साह येतो व मग काम होते. 'असेल हरी तर देईल खाटल्यावरी' असे म्हणणारा मनुष्य जसा धान्याची वाट पाहतो, तसाच हा उत्साहाची वाट पाहत खाटेवर पडून राहतो. आमच्या मते आळसाचे मूळ ह्याच समजुतीत आहे. खरा क्रम उलटा आहे. हात कामाला लागतात तेव्हा मन हळूहळू त्यांच्यामागून येते.

३. गोव्यातील अनुभव

ही नुसती उपदेशाची गोष्ट नव्हे. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' ह्या संस्थेने तीव्र नैराश्याने पीडित अशा सुमारे ५०० रुग्णांवर एक प्रयोग केला. त्याचा वृत्तांत २०१७ साली प्रसिद्ध झाला. नैराश्य हा आजार आहे, आळस नव्हे. तथापि 'कशातच मन लागत नाही' ही तक्रार तेथे सर्वांत प्रबळ असते, म्हणून तो अनुभव आपणांस उपयोगी आहे. अर्ध्या रुग्णांस नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांस त्यांखेरीज एक समुपदेशक सहा ते आठ वेळा भेटत असे. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते. ह्या कामापुरते शिकविलेले साधे लोक होते. मन प्रसन्न होण्याची वाट न पाहता रुग्णाने लहान लहान उपयुक्त कामे ठरवून करावी, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता. तीन महिन्यांनंतर पाहता, नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी शेकडा ३९ रुग्णांचे नैराश्य ओसरले होते, तर ह्या भेटी मिळालेल्यांपैकी शेकडा ६४ रुग्णांचे. आजाऱ्यांच्या बाबतीत जर पाऊल पुढे व मन मागे हा क्रम उपयोगी पडला, तर धडधाकट मनुष्याने तो का आजमावू नये?

४. चार साधने

पहिले: काम लहान करावे. मुंगी धान्याची रास पाहत बसत नाही; एका खेपेस एक दाणा नेते. 'सगळा बांध नीट करीन' असे न म्हणता 'आज पाच दगड बसवीन' असे म्हणावे. पाच दगड बसले म्हणजे सहावा पुष्कळदा आपण होऊनच हाती येतो.

दुसरे: वेळ व ठिकाण बांधून घ्यावे. 'फुरसत मिळाल्यावर वाचीन' ह्या वाक्यास काही अर्थ नाही. 'रात्रीचे जेवण झाल्यावर, ओसरीवर, एक पान वाचीन' ह्यात अर्थ आहे. पुस्तक संध्याकाळीच ओसरीवर ठेवावे. विळा, खुरपे आदल्या रात्रीच दाराशी ठेवावे.

तिसरे: सोबती जोडावा. एकट्याचा आळस घरात लपतो. शेजारी दाराशी हाक मारीत उभा राहिला म्हणजे त्यास लपावयास जागा राहत नाही.

चौथे: चुकलेल्या दिवसाने खचू नये. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ९६ जणांस रोज ठरावीक वेळी एखादी नवी सवय पाळावयास सांगून पाहिले. २०१० साली छापलेल्या त्यांच्या निबंधावरून दिसते की, सवय अंगवळणी पडण्यास मध्यम मानाने ६६ दिवस लागले. कोणास अवघे १८, तर कोणास २५४ लागतील असा हिशेब निघाला. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने सवयीची फारशी हानी झाली नाही. म्हणून आठ दिवसांत अंगातील आळस गेला नाही तर निराश होऊ नये, आणि मंगळवार चुकला तर बुधवारी पुन्हा आरंभ करावा.

५. वर्ग चालविणाऱ्यांस सूचना

हा पाठ शिकविताना कोणाचेही नाव घेऊन त्यास उदाहरण करू नये. लाजविलेला मनुष्य वर्गास यावयाचे सोडतो, आळस सोडीत नाही. पाठ संपल्यावर प्रत्येकाने उद्याचे एकच लहान काम, त्याची वेळ व ठिकाण ह्यांसह, मोठ्याने सांगावे. शिक्षकानेही आपले सांगावे. पुढील आठवड्यात प्रथम तेवढेच विचारावे.

प्रश्न
१. आपल्या घरी ज्यास आळशी म्हटले जाते, त्याची प्रकृती कोणी तपासली आहे काय?
२. 'मन लागले म्हणजे करीन' म्हणून आपण कोणते काम टाकून ठेवले आहे? त्याचा पहिला 'दाणा' कोणता?
३. तो दाणा उद्या किती वाजता, कोठे, व कोणाच्या सोबतीने उचलणार?