छिन्नमनस्कतेची प्रारंभिक अवस्था : औषधातील खंड आणि पुनःप्रवेश

चरकसंहितेच्या निदानस्थानातील सातव्या अध्यायात मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांच्या विभ्रमास उन्माद म्हटले आहे. छिन्नमनस्कता अर्थात स्किझोफ्रेनिया या व्याधीची अनेक लक्षणे या वर्णनात आढळतात. असा रुग्ण रुग्णालयातून प्रथमच घरी परततो, तेव्हा नातेवाईक सल्ल्यासाठी बहुधा गावातील वैद्याकडेच येतात.

राहुरी येथे १९३६ साली मेहेरबाबांनी मनोरुग्णांसाठी आश्रम काढला होता. स्नान, अन्न व शुश्रूषा ही तेथील सेवा होती. मनोविकारांवर क्लोरप्रोमाझिनचा वापर त्यानंतर, १९५२ साली, पॅरिसमध्ये सुरू झाला. आज औषध तालुक्याच्या दुकानात मिळते. तरीही रुग्ण पुन्हा दाखल होतात. याचे एक प्रमुख कारण औषधातील खंड हे होय.

'लॅन्सेट'मध्ये २०१२ साली ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. वर्षभरात औषध चालू असलेल्यांपैकी २७ टक्के, तर बंद केलेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांत व्याधी उलटली. रुग्णालयात पुनःप्रवेशाचे प्रमाण अनुक्रमे १० व २६ टक्के होते. फिनलंडमधील २०११ च्या अभ्यासात, पहिल्यांदा दाखल होऊन घरी गेलेल्या २,५८८ रुग्णांपैकी निम्म्याहून कमी जणांनी महिनाभर तरी औषध चालू ठेवले.

औषध बंद केल्यावर व्याधी दुसऱ्याच दिवशी उलटत नाही. कित्येकदा काही आठवडे वा महिने जातात. सुस्ती उतरते, रुग्ण ताजातवाना दिसतो. या मधल्या काळात आमचे चूर्ण किंवा घृत चालू असल्यास यशाचे श्रेय त्यास मिळते, आणि पुढील झटका दैवावर लोटला जातो. 'गोळ्या उष्ण पडतात, बंद करा' हा सल्ला आपल्यापैकी काहींनी दिलेला आहे, हे आम्ही खेदाने नमूद करतो.

वैद्यांनी पाळावयाचे नियम

१. प्रत्येक भेटीत मनोविकारतज्ज्ञांची चिठ्ठी व उरलेल्या गोळ्या पाहाव्यात.

२. औषध स्वतः बंद वा कमी करू नये. पहिल्या झटक्यानंतरही ते सामान्यतः किमान एक ते दोन वर्षे द्यावे लागते.

३. वजनवाढ, कंप, मलावरोध या तक्रारी तज्ज्ञांना कळवाव्यात. मात्रा वा औषध बदलता येते. गोळ्या चुकत असल्यास दीर्घकाल टिकणाऱ्या इंजेक्शनबाबत विचारावे.

४. सर्पगंधेचा उन्मादातील उपयोग गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली मांडला. तथापि तिच्यातील रेसर्पिनमुळे रक्तदाब उतरणे, अंग ताठरणे व विषण्णता संभवते. या गोळ्यांसोबत ती परस्पर देऊ नये.

५. निद्रानाश, संशय, एकलकोंडेपणा पुन्हा दिसताच तज्ज्ञांकडे पाठवावे. तीव्र ताप व अंग ताठणे एकत्र आढळल्यास त्वरित रुग्णालयात न्यावे.

औषधविक्रेत्यांसाठी

ही औषधे चिठ्ठीविना देऊ नयेत. नेहमीचे गिऱ्हाईक ठरल्या दिवशी न आल्यास, औषध नेणाऱ्या नातेवाइकास खासगीत आठवण द्यावी. चिठ्ठीची मुदत संपण्यापूर्वीच नवी आणण्यास सांगावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दुकानात लावावा.

आहार, निद्रा, दिनचर्या व कुटुंबीयांना धीर देणे हे आमचे क्षेत्र आहेच. ते औषधाच्या जोडीने सांभाळावे, त्याच्या जागी नव्हे.