आजीची भाषा आणि माओरी पलटण



मागच्या सत्रातला एक रविवार. दुपारी घरी फोन करण्याची वेळ होती आणि हाऊसमास्टर म्हणून मी व्हरांड्यात उभा होतो. सातवीतला एक कॅडेट तोंडावर हात धरून, अगदी हळू आवाजात आजीशी बोलत होता. मी दिसताच तो एकदम हिंदीत बोलू लागला. दोन वाक्ये झाली आणि त्याने फोन ठेवला.

"एवढ्यात संपलं बोलणं?" मी विचारले.

"सर, आजीला हिंदी नीट समजत नाही."

"मग हिंदीत का बोललास?"

"सर, तुम्हीच रोलकॉलला सांगितलं होतं ना, कॅम्पसमध्ये फक्त इंग्रजी नाहीतर हिंदी."

सूचना मीच वाचून दाखवली होती. ती वर्ग, परेड आणि मेस यांच्यासाठी होती. पण मी तसे स्पष्ट सांगितले नव्हते, आणि या आज्ञाधारक मुलाने तो नियम आजीलाही लावून टाकला. मुलगा धुळे जिल्ह्यातला, घरची भाषा अहिराणी. माझीही अहिराणीच. मी त्याला विचारले, "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" तो आधी दचकला, मग हसला. पुढचे वाक्य मात्र माझ्याच तोंडात अडकले. वीस वर्षांत मी ही भाषा सलग बोललोच नव्हतो. माझी मुलगी नववीत आहे. तिला अहिराणीचे एक वाक्य धड येत नाही.

तेव्हाच ठरवले की या अंकात मराठी पानावर समाजभाषाविज्ञानाचा एक छोटा धडा लिहायचा. भाषा आणि समाज यांचा परस्परसंबंध अभ्यासणारे हे शास्त्र आहे. धड्यासाठी उदाहरण निवडले आहे न्यूझीलंडच्या माओरी भाषेचे. ती जवळजवळ गेली होती आणि लोकांनी ती परत आणली. शिवाय त्या कथेत एक पलटण आहे, त्यामुळे तुम्हाला ती आपलीशी वाटेल.

भाषा कशी जाते?

भाषा एका दिवसात मरत नाही. आधी ती कचेरीतून जाते, मग शाळेतून, मग बाजारातून. शेवटी ती घरात उरते, तीही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी. एक समाज आपली भाषा सोडून दुसरीकडे वळतो, याला अभ्यासक भाषापालट म्हणतात. बहुतेक वेळा हा तीन पिढ्यांचा प्रवास असतो. आजीला एकच भाषा येते, आईला दोन येतात, नातवाला पुन्हा एकच येते, पण ती आजीची नसते.

म्हणून युनेस्कोच्या तज्ज्ञांनी २००३ मध्ये भाषेची प्रकृती तपासण्याचे निकष ठरवले, तेव्हा पहिलाच प्रश्न ठेवला: ही भाषा एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे जाते आहे का? बोलणाऱ्यांची संख्या हा निकष त्यानंतर येतो. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या नोंदीखाली अठरा लाखांहून अधिक लोक आहेत आणि त्यांतले बहुसंख्य अहिराणी सांगणारे. हा आकडा मोठा वाटतो. पण त्या अठरा लाखांत माझ्यासारखे किती, हे आकडा सांगत नाही.

माओरींचे काय झाले?

१८६७ च्या कायद्याने न्यूझीलंडमधल्या माओरी गावांत सरकारी शाळा निघाल्या. शिकवण्याचे माध्यम इंग्रजी. अनेक माओरी पालकांनाही मुलांना इंग्रजी यावी असेच वाटत होते, आणि त्यात गैर काहीच नव्हते. पण पुढे बऱ्याच शाळांत आवारात माओरी बोलले तर छडी मिळू लागली. घर आणि गाव माओरी बोलत होते तोवर याचा परिणाम फारसा दिसला नाही. १९१३ मध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक माओरी शाळकरी मुले आपली भाषा बोलत होती.

दुसऱ्या महायुद्धात न्यूझीलंडने २८ वी बटालियन उभी केली. ही माओरी बटालियन. सुमारे ३,६०० जवान तिच्यात लढले आणि त्यांतले ६४९ मारले गेले. तिच्या रायफल कंपन्या टोळ्यांच्या प्रदेशांप्रमाणे बांधल्या होत्या. उत्तरेचे एका कंपनीत, पूर्व किनाऱ्याचे दुसऱ्या. त्यामुळे भाऊ, चुलतभाऊ आणि गाववाले एकत्र लढत आणि आपापसांत आपली भाषा बोलत. आपल्या रेजिमेंट पद्धतीशी याचे साम्य तुमच्या लक्षात आले असेलच. याच बटालियनच्या सेकंड लेफ्टनंट न्गारिमू यांना मार्च १९४३ मध्ये ट्युनिशियात दाखवलेल्या शौर्याबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीत कॅसिनोच्या लढाईत आपली चौथी इंडियन डिव्हिजन डोंगरावरून चढाई करत होती, तेव्हा खाली रेल्वे स्टेशनवर हल्ला केला तो माओरी बटालियनने. पुढे ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडताना मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्या दिवशी न्यूझीलंडची डिव्हिजन आपल्या आठव्या इंडियन डिव्हिजनच्या शेजारच्याच आघाडीवर होती.

आता खरा धक्का ऐका. ज्या भाषेत त्या जवानांनी युद्ध केले, ती त्यांच्याच मुलांच्या तोंडून गेली. युद्धानंतर कामधंद्यासाठी माओरी कुटुंबे शहरांकडे निघाली. १९४५ मध्ये सुमारे एक चतुर्थांश माओरी शहरात होते, १९८६ पर्यंत जवळजवळ ऐंशी टक्के झाले. शहरात शेजारी इंग्रजी बोलणारे आणि मालकही इंग्रजी बोलणारा. ज्यांनी स्वतः शाळेत छडी खाल्ली होती, त्यांनी मुलांना त्यातून वाचवायचे ठरवले आणि घरात इंग्रजी सुरू केली. हे त्यांनी मायेपोटी केले. माओरी बोलणाऱ्या शाळकरी मुलांचे प्रमाण १९५३ मध्ये २६ टक्क्यांवर आले आणि १९७५ मध्ये पाच टक्क्यांच्याही खाली गेले.

परत कशी आली?

पहिले पाऊल तरुणांनी उचलले. १४ सप्टेंबर १९७२ रोजी त्यांनी तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेपुढे ठेवला. मागणी साधी होती: आमची भाषा शाळेत शिकवा. सह्या गोळा करणाऱ्यांत अनेक जण असे होते, ज्यांना स्वतःला ती भाषा धड येत नव्हती. आपले काय हरवले आहे हे त्यांना नेमके ठाऊक होते.

दुसरे पाऊल मोठ्यांसाठी होते. १९७९ मध्ये 'ते आताआरांगी' ही शिकवण्याची चळवळ सुरू झाली. वर्गात पुस्तक नसे, रंगीत लाकडी कांड्या असत. त्या मांडत, उचलत, एकमेकांना देत लोक बोलायला शिकत. एक नियम पक्का होता: वर्गात इंग्रजी बोलायची नाही. नियम तोच, आपल्या रोलकॉलच्या सूचनेसारखा. फक्त इथे तो दुबळ्या भाषेच्या संरक्षणासाठी होता.

तिसरे पाऊल सर्वांत महत्त्वाचे. १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळच्या वाइनुइओमाता येथे पहिले 'कोहांगा रेओ' उघडले. शब्दाचा अर्थ भाषेचे घरटे. कल्पना अशी की आईबापांना भाषा येत नसेल, पण आजी-आजोबांना येते ना? मग शाळेत जाण्याआधीच्या वयाची पोरे त्यांच्या हवाली करा. खाणे, खेळणे, रुसणे, झोपणे, सगळे माओरीतच. मधली पिढी तुटली होती, तर तिच्यावरून पूल बांधला. सुरुवातीला बहुतेक घरटी लोकांनीच चालवली. साधारण दहा वर्षांत त्यांची संख्या आठशेच्या आसपास पोहोचली. घरट्यातून बाहेर पडलेल्या मुलांसाठी १९८५ मध्ये ऑकलंडमध्ये पहिली माओरी माध्यमाची शाळा निघाली.

लाज घालवण्याचे कामही सोबत चालू होते. १९८४ मध्ये नायडा ग्लॅविश या टेलिफोन ऑपरेटर ग्राहकांना 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करत. वरिष्ठांनी मनाई केली, त्यांनी ऐकले नाही, आणि त्यांना कामावरून बाजूला केले गेले. देशभर चर्चा झाली आणि अखेर त्या परत कामावर आल्या. तीन वर्षांनी, १९८७ मध्ये, माओरी ही देशाची अधिकृत भाषा झाली. आज न्यूझीलंडच्या सैन्याचे माओरी नाव आहे 'न्गाती तूमाताउएंगा', म्हणजे युद्धदेवतेची टोळी.

धडा कोणता?

इथे थांबलो तर तुम्हाला वाटेल की कायदा आणि शाळा झाल्या, प्रश्न सुटला. तसे नाही. १९९६ मध्ये माओरी समाजातले सुमारे २५ टक्के लोक आपली भाषा बोलू शकत होते, २०१३ मध्ये ते प्रमाण २१ टक्क्यांवर आले. जुनी, अस्खलित बोलणारी पिढी काळाआड जात होती, आणि शाळेत शिकलेली मुले घरी येऊन इंग्रजीच बोलत होती. पुढे माओरी बोलणाऱ्यांची एकूण संख्या पुन्हा वाढली. २०१८ च्या जनगणनेत ती १ लाख ८५ हजारांवर होती, २०२३ मध्ये २ लाख १३ हजारांवर गेली. लढाई चालू आहे.

जोशुआ फिशमन या अभ्यासकाने १९९१ च्या आपल्या ग्रंथात हेच बजावले होते. शाळा, दूरदर्शन, सरकारी कागद हे सारे उपयोगाचे, पण घरात मोठे माणूस लहानाशी त्या भाषेत बोलत नसेल तर बाकीचे टिकत नाही. लष्करी भाषेत सांगायचे तर कुमक मागून कितीही आली, तरी पुढची चौकी घरच्यांनीच सांभाळायची असते.

याचा अर्थ इंग्रजी किंवा हिंदी कमी शिका, असा मुळीच नाही. तुम्हाला एसएसबीत बोलायचे आहे आणि उद्या देशभरच्या जवानांबरोबर राहायचे आहे. त्या भाषा उत्तम आल्याच पाहिजेत. पण एक भाषा शिकण्यासाठी दुसरी टाकावी लागत नाही. उलट सैन्यातच पाहा. मराठा रेजिमेंटमध्ये पंजाबचा किंवा केरळचा अधिकारी आला, तर तो जवानांशी मराठीत बोलायला शिकतो. जवानाच्या भाषेत त्याची विचारपूस केली की तो मोकळा होतो, हे त्याला माहीत असते. जो अधिकारी दुसऱ्याच्या भाषेचा मान ठेवतो, त्याने आपल्या आजीच्या भाषेची लाज का बाळगावी?

पुढच्या रोलकॉलला मी सूचना दुरुस्त करून वाचली. वर्ग, परेड, मेस येथे इंग्रजी किंवा हिंदी. रविवारच्या फोनला घरची भाषा, आणि तीही मोठ्या आवाजात. आता व्हरांड्यात अहिराणी, कोकणी, तुळू, भोजपुरी, गढवाली सगळे ऐकू येते. तो सातवीतला कॅडेट आता वेळ संपल्याची घंटा झाल्याशिवाय फोन सोडत नाही.

पालकांना एक विनंती. मुलगा सुट्टीत घरी आला की कौतुकाने त्याच्याशी इंग्रजीत बोलू नका. ती त्याला आम्ही शिकवतो. तुमची भाषा त्याला तुमच्याशिवाय कोणी देणार नाही. हे मी शिक्षक म्हणून नाही, तर ही चूक स्वतः केलेला बाप म्हणून लिहितो आहे. या सुट्टीत मी मुलीला महिनाभर माझ्या आईजवळ ठेवणार आहे, आणि खाली दिलेला स्वाध्याय मीही करणार आहे.

सुट्टीतील स्वाध्याय

१. आपल्या घरातल्या तीन पिढ्यांचा तक्ता करा. कोण, कोणाशी, कोणत्या भाषेत बोलते ते लिहा. भाषा कुठे बदलली, त्या जागी खूण करा.

२. आजी किंवा आजोबांना विचारून त्यांच्या भाषेतले असे दहा शब्द लिहा, जे तुम्हाला माहीत नव्हते. स्वयंपाक, शेती, पाऊस, नाती यांपासून सुरुवात करा.

३. रोज अर्धा तास फक्त त्याच भाषेत बोला. चुकलात तर हसू द्या, पण थांबू नका.

४. सुट्टीनंतर आपल्या हाऊसमधल्या वेगळ्या भाषेच्या मित्राला पाच वाक्ये शिकवा आणि त्याच्याकडून पाच शिका.