धामणीचा हिवाळी आसरा

डिसेंबर २०१८ मध्ये निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा २ अंशांच्या खाली गेला होता. अशा थंडीत आपण द्राक्षबागेत शेकोट्या पेटवितो. धामणीला मात्र शरीरात ऊब निर्माण करता येत नाही; तिचे पचन व हालचाल मंदावते. म्हणून ती उंदरांची बिळे, दगडी ताली व छाटणीच्या काड्यांचे ढीग यांत दडते आणि ऊन चढल्यावर बाहेर येते. पहाटे ढीग पेटविल्यास गारठलेल्या धामणीला पळता येत नाही. ती बिनविषारी असून उंदीर खाते. त्यामुळे ढीग आदल्या दुपारी दाताळ्याने हलवावा, मगच काड्या शेकोटीला न्याव्यात. नाग, घोणसही तेथे असू शकतात. हात घालू नये. बांधावरची जुनी ताल शक्यतो मोडू नये.