फुल बॉडी चेकअपमध्ये न झालेली तपासणी

माझ्या मोठ्या जाऊबाई तब्येतीच्या बाबतीत आमच्या घरात सगळ्यांत काटेकोर. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. दरवर्षी महिला दिनाच्या सवलतीत त्या एका लॅबचं 'फुल बॉडी चेकअप' करून घ्यायच्या. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, संध्याकाळी मोबाइलवर लांबलचक रिपोर्ट. थायरॉईड, शुगर, कोलेस्टेरॉल आणि 'कॅन्सर मार्कर' म्हणून सीए-125. सगळं नॉर्मल. म्हणूनच पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून जायला लागलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, "रिपोर्ट चांगलाय की, उष्णता झाली असंल." त्यात महिने गेले. शेवटी बार्शीला दाखवलं तेव्हा कळलं, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, आजूबाजूला पसरलेला. रेडिएशन झालं, केमो झाली. अक्का आज हिंडूफिरू शकतात, पण लघवीचा त्रास राहिलाच.

मला संताप येतो तो त्या पॅकेजच्या नावाचा. 'फुल बॉडी' म्हणायचं आणि ज्या दोन ठिकाणी बाईला कॅन्सर सर्वांत जास्त होतो, ते स्तन आणि गर्भाशयाचं तोंड कुणी बघायचंसुद्धा नाही! सीए-125 अंडाशयाच्या आजाराशी जोडलेली. ती पाळीतही वाढते आणि निरोगी बाईत कॅन्सर हुडकायला डॉक्टर तिच्यावर विसंबत नाहीत. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वेळेत पकडायचा तर तिथलीच तपासणी करावी लागते.

आणि हा कॅन्सर वेळ देतो, हेच जिवाला लागतं. तो ज्याच्यामुळे होतो, त्या एचपीव्ही विषाणूची लागण बहुतेकींच्या शरीरातून आपोआप जाते. राहिलीच, तर कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. मधल्या काळात नुसत्या पेशी बदललेल्या असतात आणि त्या छोट्या उपचारानं काढता येतात. वेळेत तपासणी केली तर जीव वाचतात, हे सिद्ध झालं ते आमच्या शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात. तिथल्या गावांतल्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू निम्म्यावर आले होते. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी कधीतरी झालेल्या बायका देशात शंभरात दोनसुद्धा भरल्या नाहीत.

म्हणून पॅकेजचे पैसे भरण्याआधी विचारा: आतली तपासणी आहे का? स्तन कोण बघणार? वयाच्या तिशीनंतर पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) साधारण तीन वर्षांनी, एचपीव्ही चाचणी पाच वर्षांनी पुरते. ती दरवर्षी लागत नाही. सरकारी कार्यक्रमात गर्भाशयाच्या तोंडाला पातळ अ‍ॅसेटिक आम्ल लावून मिनिटभरात पांढरा डाग उठतो का ते बघतात, शिवाय स्तन आणि तोंडही तपासतात. आशाताईंना विचारा, जवळच्या आरोग्य केंद्रात कधी होते ते त्या सांगतील. पाळी चालू नसताना जा. आधीचे दोन दिवस संबंध नकोत, आत ठेवायच्या गोळ्या नकोत. रक्तदाब, शुगर, हिमोग्लोबिनही बघून घ्या. गरोदरपणात शुगर वाढली असेल तर ती पुढेही तपासत राहावी लागते.

आमच्या भागात गर्भपिशवी काढलेल्या बायका फार. "आता मला कसली तपासणी," असं त्या म्हणतात. गर्भाशयाचं तोंड ठेवलंय की काढलंय, आणि पिशवी कशासाठी काढली, हे ऑपरेशनच्या कागदावर असतं. तो कागद डॉक्टरांना दाखवून विचारा. स्तनांची तपासणी तर राहतेच.

अंगावरून अवेळी जात असेल, संबंधानंतर रक्त दिसत असेल, स्तनात गाठ लागत असेल, तर शिबिराची वाट बघू नका. जुना रिपोर्ट कितीही चांगला असला तरी थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. आणि चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे. पुढे दुर्बिणीतून बघतात, गरज पडली तर तुकडा काढून तपासतात. त्या पुढच्या तपासणीची तारीख हातात पडल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.