मधल्या फळीचा खेळाडू

फुटबॉलचा सामना पाहणाऱ्याची दृष्टि बहुधा गोलावर खिळलेली असते. गोल करणाऱ्याचा जयजयकार होतो, गोल अडविणाऱ्याची पाठ थोपटली जाते. परंतु या दोहोंच्या मध्यें राहून जो संघाची सांगड घालतो, त्या हाफबॅकचें नांव पुष्कळदां कोणाच्या ध्यानींही राहत नाहीं. अशाच एका खेळाडूची ओळख विद्यार्थिमित्रांना करून द्यावयाची आहे.

हाफबॅकचें काम दुहेरी असतें. प्रतिपक्ष चाल करून आला म्हणजे मागें येऊन चेंडू काढून घ्यावयाचा, आणि तो मिळतांच विलंब न करितां पुढील गड्यास पोंचवावयाचा. बचावाचा शेवट व चढाईचा आरंभ त्याच्याच ठायीं होतो. यास दमाइतकीच समयसूचकताही लागते.

श्री. फोर्तुनातो फ्रँको हे मूळचे गोव्यांतील कोलवाळ गांवचे. त्यांचा खेळ मात्र मुंबईंत बहरला. येथें ते टाटा संघाकडून खेळत. १९६० सालीं रोम ऑलिंपिकच्या भारतीय संघांत त्यांची निवड झाली.

१९६२ सालीं जकार्ता येथें आशियाई सामने भरले. आरंभींच दक्षिण कोरियानें भारतास २-० असें हरविलें. पण संघानें धीर सोडला नाहीं. थायलंड, जपान व दक्षिण व्हिएतनाम यांस जिंकून तो अंतिम सामन्यास पोंचला. ४ सप्टेंबर रोजीं गांठ पडली ती पुन्हां कोरियाशींच! इस्रायल व तैवान यांस वगळल्याबद्दल एका भारतीय अधिकाऱ्यानें आक्षेप घेतला होता. त्यामुळें प्रेक्षक भारतावर रुष्ट होते. जर्नेलसिंग हे बचावाचे खेळाडू, डोक्यास जखम असतांही आघाडीस खेळले. प्रदीपकुमार बॅनर्जी व जर्नेलसिंग यांनीं पहिल्या वीस मिनिटांतच एकेक गोल केला. पुढें कोरियाच्या चढाया सोसण्याचा भार बचावाबरोबर मधल्या फळीवरही पडला. फ्रँको व प्रशांत सिन्हा यांनीं ती फळी सांभाळली. कोरियास अखेरीस एकच गोल करितां आला व भारतानें २-१ असें सुवर्णपदक मिळविलें.

योगायोग असा कीं, दहा वर्षांनीं म्यूनिक ऑलिंपिकचा अंतिम सामना पोलंडनेंही हंगेरीविरुद्ध २-१ असाच जिंकला. त्यांतील दोन्ही गोल काझिमिएश डेयना या मधल्या फळीच्याच खेळाडूनें केले. त्याची कीर्ति जगभर झाली. फ्रँको यांच्या नांवापुढें जकार्ताच्या त्या सामन्यांत गोल नाहीं. परंतु पदकांतील त्यांचा वांटा त्यामुळें तिळमात्र उणा होत नाहीं.

१९६४ सालीं संतोष करंडक जिंकणाऱ्या महाराष्ट्र संघांतही ते होते. १० मे २०२१ रोजीं त्यांचें निधन झालें.

आपल्या बोरीवलीच्या मैदानांवर गडी वांटून घेतांना प्रत्येक मुलास आघाडीची जागा हवी असते. मधली जागा मिळाली तर कित्येकांचें तोंड उतरतें. अशा वेळीं फ्रँको यांचें स्मरण व्हावें. आणि पालकांसही एक विनंति आहे: मूल खेळून घरीं आलें म्हणजे ‘गोल किती केलेस?’ एवढेंच न विचारतां, ‘आज चेंडू कोणाकोणास दिलास?’ हेंही अवश्य विचारावें.