परमुलखातील भाकरी

पालघरहून बोईसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोळगाव हे गाव आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पुढे त्याचे मुख्यालय कोळगावातच उभे राहिले. पश्चिमेस सातपाटीचा कोळीवाडा, उत्तरेस बोईसर-तारापूरचे कारखाने, त्यांच्याही पलीकडे डहाणू-घोलवडच्या चिकूच्या बागा आणि पूर्वेस वारली बांधवांचे पाडे, असा हा मुलूख आहे.

येथील कारखान्यांत काम करणाऱ्या एखाद्याला कधी नवे यंत्र पाहण्यासाठी, तर कधी नवे तंत्र शिकण्यासाठी परदेशी जाण्याचा योग येतो. जाण्याचा दिवस जवळ आला की घरात एकच लगबग उडते. आई चिवडा करते. आजी शेंगदाणे आणि लाल मिरची घालून चटणी कुटते. “तिकडे आपलं जेवण मिळायचं नाही रे बाबा!” असे ती पुन्हा पुन्हा बजावते. ती शिदोरी मायेची असते. परंतु ती आठ दिवसांत संपते आणि काम मात्र महिना-दीड महिना चालते. मग परक्या मुलखातील पानावर बसावेच लागते. अशा वेळी कसे वागावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी तो थोडा उलटा करून पाहावा. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. त्याच्या उभारणीसाठी अमेरिकेतील तंत्रज्ञ या किनाऱ्यावर आले होते. असा एखादा पाहुणा सातपाटीला गेला आणि दोऱ्यांवर वाळणारे बोंबील पाहून त्याने नाक मुरडले, तर कोळ्याच्या घरी काय वाटेल? आणि तोच पाहुणा ओटीवर बसून तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडू लागला, तर घरातील माणसांना केवढा आनंद होईल! आपल्या अन्नाचा मान राखणारा परका माणूस आपल्याला परका वाटत नाही. आपण परमुलखात गेलो म्हणजे हाच न्याय आपल्यालाही लागू पडतो.

शिवाय ‘परके अन्न’ म्हणजे तरी काय? आजीने बांधून दिलेल्या शिदोरीकडेच पाहावे. तिच्या चटणीतील मिरची मूळची मेक्सिकोकडची आणि शेंगदाणे दक्षिण अमेरिकेतील. भाजीतला बटाटाही तिकडचाच. सागरमार्गाने आलेल्या पोर्तुगीजांबरोबर यांतील कित्येक वनस्पती आपल्या किनाऱ्यावर उतरल्या. या भागावरही त्यांचा अंमल होता. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूरचा आणि वसईचा किल्ला मराठ्यांनी जिंकला. राज्य गेले, पण मिरची राहिली. डहाणू-घोलवडचा चिकूदेखील मेक्सिको आणि मध्य अमेरिका येथील. त्याचे ‘चिकू’ हे नावही तिकडच्या ‘चिकोसापोते’ या नावापासूनच आले आहे.

ज्या मेक्सिको देशाने आपल्याला चिकू आणि मिरची दिली, त्या देशात एका मराठी माणसाने फार मोठे काम केले. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. ते मूळचे वर्ध्याचे. देशाच्या स्वातंत्र्यासाठी ते तरुणपणीच परदेशी गेले. अमेरिकेत त्यांनी शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले आणि गदर चळवळीत उडी घेतली. त्यामुळे इंग्रज सरकारच्या राज्यात मायदेशाचे दार त्यांना बंद झाले. १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोहोचले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते शिकवू लागले. त्यांनी मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी शेतीच्या मुक्त शाळा काढण्यात पुढाकार घेतला. विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या इमारतीत भिंतीवर ‘आमची रोजची भाकरी’ अशा अर्थाचे चित्र रंगवले. त्यातील मेजाशी मुख्य जागी बसलेला पुरुष खानखोजे यांच्यावरूनच रंगवला आहे, असे सांगतात. परमुलखाने एका मराठी माणसाचा केलेला हा केवढा गौरव! स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले. १९६७ मध्ये नागपूर येथे त्यांचे निधन झाले.

मेक्सिकोत मका म्हणजेच जेवण. मराठी माणसाला तेथील रांधणी पाहून घरचीच आठवण व्हावी. तेथील बाई पाट्यासारख्या दगडावर मका वाटते, पिठाचा गोळा हातावर थापते आणि तव्यावर भाजते. या पातळ भाकरीला ‘तोर्तिया’ म्हणतात. सोबत राजम्यासारखी कडधान्ये आणि मिरचीची चटणी असते. आपल्याकडे कुंपणाला वाढणाऱ्या फड्या निवडुंगाची तेथे काटे काढून भाजी करतात. काही भागांत तर नाकतोडेही भाजून खातात!

मात्र मका वाटण्यापूर्वी ती बाई एक गोष्ट करते. ती मका चुन्याच्या पाण्यात शिजवते, रात्रभर तसाच ठेवते आणि सकाळी धुऊन त्याची साले काढते. हा प्रघात तीन हजार वर्षांहूनही जुना आहे. वरवर पाहणाऱ्याला तो निव्वळ खटाटोप वाटेल.

युरोपीय लोकांना तसेच वाटले असावे. १४९२ नंतर त्यांनी मका आपल्या देशी नेला. पण चुन्याची रीत मात्र नेली नाही. स्पेन आणि इटलीतील गरीब शेतकरी केवळ मक्यावर जगू लागले आणि त्यांच्यात एक भयंकर रोग पसरला. कातडी खरखरीत होई, पोट बिघडे, बुद्धी भ्रमिष्ट होई आणि शेवटी मृत्यू येई. या रोगाचे नाव ‘पेलाग्रा’. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेच्या दक्षिण भागातही त्याने लक्षावधी लोकांना पछाडले. हा रोग संसर्गाने नव्हे, तर निकृष्ट आहाराने होतो, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून केलेल्या परिश्रमांतून दाखवून दिले. पुढे १९३७ मध्ये कॉनराड एल्वेहेम यांच्या संशोधनामुळे नायसिन या जीवनसत्त्वाची उणीव हे त्याचे कारण स्पष्ट झाले. मक्यात नायसिन असते. परंतु ते असे बद्ध असते की पोटात जाऊनही अंगी लागत नाही. चुन्याच्या पाण्यात ते मोकळे होते. प्रयोगशाळेला जे विसाव्या शतकात उमगले, ते मेक्सिकोच्या चुलीपाशी रोजच्या रीतीत जपलेले होते. युरोपीयांनी धान्य नेले, पण ते रांधणारणीला “हे असे का करता?” म्हणून विचारले नाही. त्या एका न विचारलेल्या प्रश्नाची किंमत पिढ्यान्‌पिढ्या गरिबांनी मोजली.

तेव्हा परमुलखात गेल्यावर तेथील पानाचा अव्हेर करू नये. सर्वच खाल्ले पाहिजे, असा याचा अर्थ नव्हे. कोणी मांसाहार करत नाही, कोणाला एखादा पदार्थ सोसत नाही. त्याने हात जोडून तसे सांगावे. ते ऐकून यजमानाला राग येत नाही. राग येतो तो नाक मुरडण्याचा. जे चालते ते मात्र चाखावे, आवडले तर मागून घ्यावे आणि कसे केले ते विचारावे.

असा माणूस कोळगावात परत आला, म्हणजे आजी पहिला प्रश्न विचारील, “काय रे, उपाशी नाही ना राहिलास?” त्या वेळी त्याच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असेल. आणि तिकडची भाकरीही हातावरच थापतात, हे ऐकून आजीलाही ते दूरचे लोक थोडे जवळचे वाटतील.

स्वाध्याय

१. आजीने दिलेल्या शिदोरीतील कोणते पदार्थ मूळचे परदेशातील आहेत?
२. मका चुन्याच्या पाण्यात शिजवल्याने काय लाभ होतो?
३. ‘राज्य गेले, पण मिरची राहिली’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या घरी परदेशी पाहुणा आला, तर त्याला कोणता पदार्थ द्याल? तो कसा करतात, हे घरी विचारून लिहा.